पास्टरची घंटा

टिली वहिनी गेली तरी शिकारीचा शनिवार कधी चुकला नाही. हरणांचा हंगाम संपला, की जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्हा आलर्सांच्या घरातली माणसं खुंटीवरची धनुष्यं काढायची आणि टेकडीवरच्या रानटी एडक्यांच्या मागे जायची. माझ्या वडिलांनी घालून दिलेली ही रीत. बंदूक चालायची नाही. वडील म्हणायचे, जनावराच्या लोकरीचा वास नाकात येईल इतकं जवळ जा, आणि तरीही मारावंसं वाटलं तर मार.

खांद्यामुळे माझं टेकडीवर जाणं तोवर सुटलं होतं. पहाटेची कॉफी आणि दुपारचं जेवण, एवढंच काम माझ्याकडे. पण स्वयंपाकघरातल्या म्हातारीच्या कानावर सगळंच येतं. त्या दिवशी जे आलं नाही, ते पुढे एकेकाने येऊन त्याच टेबलाशी बसून मला सांगितलं.

त्या पहाटे माझा भाऊ हिल्मार शेगडीकडे पाठ करून उभा होता. ऐंशीला टेकला होता, पण बोडार्कच्या लाकडासारखा ताठ. त्या पिवळ्या लाकडाची धनुष्यं तो स्वतः तासायचा. घरातल्या प्रत्येकाचं धनुष्य त्याच्याच हातचं, आणि प्रत्येकाच्या बाणाच्या पिसांचे रंगही त्यानेच ठरवलेले, म्हणजे कुणाचा बाण कुठे लागला यावर वाद नको. अपवाद फक्त माझा मुलगा डेल्बर्ट. त्याने दुकानातून कप्प्या लावलेलं धनुष्य आणलं होतं.

"काय रे डेल्बर्ट, हे तुझं यंत्र विजेवर चालतं की पेट्रोलवर?"

"मामा, मला एडका मारायचाय, व्यायाम नाही करायचा."

"मारशील, मारशील. गेल्या वर्षी सीडरचं झाड मारलंस तसाच."

"झाड मोठं होतं पण मामा. शिंगं नव्हती एवढंच."

सगळे हसले. शार्लीनसुद्धा. शार्लीन म्हणजे हिल्मारच्या मुलाची, लोथारची बायको. दोघं ह्यूस्टनहून आदल्या संध्याकाळी आले होते. हिल्मारची मुलगी हर्था मात्र हसली नाही. ती खिडकीतून अंगणात बघत होती. वीस वर्षं रँच तिनेच सांभाळलेलं. नवरा सोडून गेला तेव्हा कुंपणाची दुरुस्ती अर्धवट होती, तर तिने रडण्याआधी कुंपण पुरं केलं होतं.

"पापा, पास्टर दिसत नाही," ती म्हणाली.

"वाडग्यात कोंडलाय मी त्याला. मका टाकून आलो. घंटेचा पट्टा झिजलाय त्याचा, शिवायला हवा."

पास्टर हा आमच्या घरचा एडका. त्याची आई हिमवादळात गारठून मेली आणि टिली वहिनीने त्याला या स्वयंपाकघरात बाटलीने दूध पाजून जगवलं. तिचा तो शेवटचा हिवाळा. काळं तोंड आणि गळ्याखाली पांढरा पट्टा, अगदी रविवारच्या पाद्रीबाबासारखा, म्हणून नाव पास्टर. बाप टेकडीवरचा, त्यामुळे शिंगं रानटी एडक्यांसारखीच पीळ घातलेली. लांबून फरक कळायचा नाही. म्हणून गळ्यात पितळी घंटा. आणि वडिलांच्या वेळेपासून नियम एकच होता: घरच्या, घंटेच्या जनावरावर बाण नाही. ज्याने तो मोडला त्याच्या धनुष्याची दोरी शेगडीत जायची. दोरी गेली की त्याचा टेकडीवरचा शब्दही गेला, रँचच्या चाव्याही गेल्या. आमच्या एका काकाची तशी गेली होती. तो पुन्हा कधी या दारात आला नाही.

हर्थाने खिडकीतून वाडग्याकडे पाहिलं. अंधारात काही दिसत नव्हतं. दोन पावलं टाकून बघून येणं काही कठीण नव्हतं. पण लोथार कॉफीच्या कपावरून तिच्याकडेच बघत होता. आदल्या रात्री जेवताना तो सारखा बापाला काहीबाही विचारत होता. पापा, आज वार कोणता? पापा, माझ्या थोरल्याचं नाव आठवतं ना? ओढ्याकडची जमीन एक बांधकामवाला मागत होता, आणि पापांनी आता ह्यूस्टनला आपल्याजवळ राहावं असं लोथारच्या मनात होतं. हर्था प्रत्येक वेळी मध्ये पडत होती. "पापांना काय शाळेत घातलंयस का रे?" अशा वेळी बाप म्हणतो कोंडलाय आणि मुलगी उठून खात्री करायला जाते, म्हणजे लोथारच्या हातात कोलीतच.

ती उठली नाही. "बरं," म्हणाली, आणि तिने बूट चढवले.

•

उजाडल्यावर तासाभराने हिल्मार एकटाच परत आला. धनुष्य खुंटीवर टांगलं, हात शेगडीवर धरले.

"काही दिसलं?" मी विचारलं.

"छे. वारा उलटा आहे आज, मेटा. एकसुद्धा फिरकला नाही."

मी त्याला कॉफी दिली. त्याने तिच्यात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा घातली. मी साखरेचा डबा हळूच मागे ओढला.

त्याच वेळी हर्था ओढ्याच्या वळणावर उभी होती. स्वतःची दबा धरायची बैठक सोडून बापाच्या बैठकीवरून चक्कर मारणं हे ती दोन वर्षं करत होती, कुणाला न सांगता. बाप बसायचा तो दगड रिकामा होता. आणि दगडासमोर, ओकखाली, पास्टर पडला होता. कुशीवर, पाय लांब करून. उन्हात झोपायचा तसाच. खांद्यामागे बाण. दोन पांढरी पिसं, एक तांबडं. पापांचे रंग.

"मला आधी वाटलं तो उठेल," तिने मला पुढे सांगितलं. "आत्या, मी त्याला हाक मारली. बाण दिसत होता आणि तरी मी हाक मारली."

गळ्यात घंटा नव्हती. ओठांना मक्याचा भुगा लागला होता, म्हणजे वाडग्याचं दार उघडंच राहिलं होतं. तो पळालाही नव्हता. ओळखीचा माणूस दिसला म्हणून चालत जवळ आला असणार, वीस पावलं, दहा पावलं.

हर्था खाली बसली. तिचं डोकं चालत होतं. लोथार पलीकडच्या टेकडीवर. डेल्बर्ट ओढ्याच्या खाली. कुणी आलं आणि ती पिसं पाहिली की झालं. पापांनी स्वतःच्या हाताने पास्टरला मारलं, आणि मारल्याचं त्यांना ठाऊकही नाही. मग बांधकामवाला, मग ह्यूस्टन, मग कुठल्या तरी सहाव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसवलेले पापा.

तिने बाण उपसून काढला. ओढ्यात एका चपट्या दगडाखाली सरकवला. मग आपल्या भात्यातला एक बाण घेतला, दोन तपकिरी पिसं आणि एक पिवळं, आणि तो पास्टरच्या रक्तात माखला. आणि मोठ्याने शीळ घातली.

•

डेल्बर्ट आधी पोचला. मग दोघांनी मिळून पास्टरला गाडीत घातलं. शेडसमोर गाडी थांबली तेव्हा मी भांडी विसळत होते. शार्लीन कुणाची शिकार ते बघायला धावली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून माझ्या हातातली बशी पडली.

"हा तर... डेल्बर्ट! हा घरचा आहे!"

"माझ्याकडे काय बघता?" डेल्बर्ट दोन्ही हात वर करून म्हणाला. "शपथेवर सांगतो. मला झाडंच लागतात, विचारा कुणालाही."

कुणी हसलं नाही. तोही नाही.

"मी मारला," हर्था म्हणाली.

मी ते ऐकलं आणि मला कळलंच नाही. शब्द कानात गेले, पण पुढे सरकेनात. हर्थाने? बाटलीचं दूध कोमट आहे की नाही ते मनगटावर थेंब टाकून बघणाऱ्या हर्थाने?

"घंटा नव्हती गळ्यात," ती सांगत होती. पाठ केल्यासारखं. "पाठमोरा होता. उजेड कमी होता. मला वाटलं टेकडीवरचा."

लोथार मागून आला. बहिणीकडे बघून तो म्हणाला, "तू? तू पास्टरला ओळखलं नाहीस?"

"नाही ओळखलं."

"हर्था, तू अंधारात मेंढ्यांना खोकल्यावरून ओळखतेस."

"नाही ओळखलं म्हटलं ना!"

मग हिल्मार आला. आम्ही सगळे बाजूला झालो. तो गाडीच्या मागच्या फळीशी आला, आणि वाकला, आणि पास्टरच्या कानामागे खाजवू लागला. टिली खाजवायची तिथेच. बराच वेळ. त्याचं तोंड उघडं होतं.

"कोणी केलं हे?"

"मी, पापा. चुकून."

त्याने मान वर करून मुलीकडे पाहिलं. माझ्या भावाच्या डोळ्यांत अशी नजर मी त्याआधी पाहिली नव्हती.

"आता टिलीला कोण सांगणार?" तो म्हणाला.

टिली वहिनीला जाऊन तीन वर्षं होत आली होती. शार्लीनने पटकन लोथारचा दंड धरला. मी म्हटलं, "मी सांगेन, हिल्मार. चल आत, गार वारा आहे," आणि त्याला घेऊन गेले.

•

मारलेलं जनावर वाया घालवायचं नाही हाही नियमच. पास्टरला सोलायला कुणी तयार होईना, शेवटी लोथारने बाह्या दुमडल्या. मी मीठ घेऊन कातडं धरायला गेले. लहानपणी तो मला असाच मदत करायचा. हात अजून विसरले नव्हते.

खांद्यापाशी आल्यावर त्याची सुरी थांबली.

"आत्या, हर्था तीन धारांचं पातं वापरते ना?"

"पहिल्यापासून. हिल्मार चिडवायचा तिला. म्हणायचा, शिकारीला निघालीस की बटाटे चिरायला."

"मग हे बघ."

मी चष्मा पुसून पाहिलं. कातड्यावर एकच सरळ चीर होती. दार लावलेलं नसावं आणि फट राहावी तशी. तीन धारांच्या पात्याची जखम अशी नसते. तिला तीन पाय असतात. आमच्या घरात दोन धारांची पाती फक्त एकजण वापरायचा. जुन्या करवतीच्या पोलादातून तो ती घासून काढायचा, व्हरांड्यात बसून, टिली ओरडेपर्यंत.

लोथार खाली बसला. सुरी त्याच्या हातातच होती.

"पापा," तो म्हणाला. "आत्या, पापांनी मारलं आणि पापांना..." आदल्या रात्री त्याने बापाला जे सगळे प्रश्न विचारले होते, त्यांचं उत्तर त्याला मिळालं होतं. आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की प्रश्न विचारताना उत्तर खरं असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

तो उठून हर्थाकडे गेला. ती पंपाखाली हात धूत होती.

"बाण कुठे ठेवलास?"

तिने हात धुणं थांबवलं नाही. "कुठला बाण?"

"मला मूर्ख बनवू नकोस. कधीपासून चाललंय हे?"

"ममा गेली तेव्हापासून थोडं थोडं. यंदा जास्त."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस, लोथार? खरं सांग. आज इथे, पंपापाशी उभा राहून खरं सांग."

लोथारने खरं सांगितलं नाही. तो म्हणाला, "तुला माहितेय तुझी दोरी जाणार. पापा सोडणार नाहीत. चाव्या जातील, सगळं जाईल."

"जाऊ दे. माझी दोरी गेली तर मी चिडकी म्हातारी होईन. त्यांची गेली तर ते मरतील."

"आणि मी टेबलाशी बसून हे खोटं ऐकून घ्यायचं?"

"तुला बोलायचं तर बोल," हर्था हात झटकत म्हणाली. "तुला हवं होतं ते मिळालंय. आता मी कशाला अडवू?"

शार्लीन शेडच्या दारात उभी राहून ऐकत होती. ही बाई आता नवऱ्याला चढवणार असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "लोथार, माझ्या आजीला आम्ही शहरात नेलं होतं. ती रोज दाराशी चपला घालून बसायची." आणि आत निघून गेली.

•

जुन्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव अंगणभर पसरलेल्या ओकला टांगलेली होती. ती बडवून मी जेवायला बोलावलं. भाजलेली सॉसेजं, आंबवलेली कोबी, सिरक्यातले गरम बटाटे. कुणी हात लावेना. तसाही रिवाज असा, की जनावर मारणाऱ्याने आधी उभं राहून सांगायचं, आणि सांगून होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही.

हर्था उभी राहिली.

तिने सांगितलं. ओढा, उजेड, पाठमोरा एडका, घंटा नाही. चांगलं सांगितलं. जिथे थांबायचं तिथे थांबली. लोथार मान खाली घालून काट्याशी चाळा करत होता. मला वाटत होतं, आता बोलेल, आता बोलेल.

हर्था बसली. हिल्मार उठला. त्याने तिचं धनुष्य घेतलं. तिच्या बाराव्या वाढदिवसाला दिलेलं, मग मोठी झाली तसं पुन्हा तासून दिलेलं. पायाशी टेकवून वाकवलं, दोरीचा फास सोडवला. शेगडीचं दार उघडलं.

"मामा," डेल्बर्ट म्हणाला, "घंटा नव्हती म्हणते ना ती. थोडं तरी..."

"गप्प बस."

दोरीला मेण लावलेलं होतं. ती भसकन पेटली. हर्था बघत होती. तिने डोळे मिटले नाहीत, पण तिचा हात टेबलाखाली माझ्या हातावर आला, आणि तो बर्फासारखा होता.

"फाटकांच्या चाव्या," हिल्मारने हात पुढे केला.

तिने कमरेचा जुडगा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. वीस वर्षं तो तिच्या चालण्यातून वाजत होता.

"टिलीचं पोर होतं ते," हिल्मार म्हणाला. डोळे पुसायला त्याने कोटाच्या खिशात रुमालासाठी हात घातला.

खिशात घंटा वाजली.

इतकी ओळखीची, की डेल्बर्टने दाराकडे वळून पाहिलं. मीही. पास्टर रोज याच वेळी दाराशी यायचा.

हिल्मारने हात बाहेर काढला. त्याच्या मुठीत रुमालाच्या गुंडाळीतून सुटलेली पितळी घंटा होती, झिजलेला पट्टा होता, आणि पट्ट्यात अर्धवट टाका घातलेली जाड सुई. तो घंटेकडे बघत राहिला.

"ही माझ्याकडे कशी?"

"मी दिली, पापा," हर्था म्हणाली. "मघाशी. शेडपाशी. पडलेली सापडली."

"सुईसकट?"

तिची नजर सुईवर गेली.

माझ्या भावाच्या डोक्यातून पुष्कळ गोष्टी गळून गेल्या होत्या. वार गेले होते, नातवांची नावं गेली होती, बायकोचं मरणसुद्धा येऊन-जाऊन असायचं. पण बाण कसा लागतो हे गेलं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते उगवताना पाहिलं, आणि देवाला म्हटलं, हे एवढं घेतलं असतंस तर चाललं असतं.

"जखम कशी होती?" त्याने विचारलं.

"तीन धारांची, पापा," लोथार म्हणाला.

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हर्थानेही. लोथार बापाच्या डोळ्याला डोळा देऊन बसला होता. "मीच सोललं ना. तीन धारांची. हर्थाचाच बाण."

"मी मेटाला विचारतोय," हिल्मार म्हणाला.

हर्था माझा हात दाबत होती. लोथार बघत होता. तिघांचंही भलं माझ्या एका खोट्या शब्दात होतं, आणि खरा शब्द त्या दोघांना नको होता. पण हिल्मार उभा होता तिथे आमचे वडील उभे राहायचे, आणि त्याच स्वरात विचारायचे. त्या स्वराशी आम्ही दोघं कधी खोटं बोललो नव्हतो. तो जन्मभर शिकारी होता. शेवटचं जनावर कुणी मारलं हे त्याच्यापासून चोरायचं, तर त्याच्याजवळ उरलं काय?

"सरळ होती, हिल्मार," मी म्हटलं. "एकच चीर."

त्याने मान हलवली. एकदाच. मग तो भिंतीशी गेला. त्याचं धनुष्य खुंटीवर ताणलेलंच लटकत होतं. शिकारीहून आल्यावर दोरी उतरवायला जो उभ्या जन्मात विसरला नाही, तो आज विसरला होता, आणि सकाळपासून आमच्यातल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्याने ते वाकवलं. दुसऱ्या प्रयत्नात फास निघाला. लोथार मदतीला उठू लागला, मी त्याला खाली बसवलं.

ही दोरी सावकाश पेटली.

हिल्मार टेबलाशी आला आणि चाव्यांचा जुडगा त्याने हर्थाच्या ताटाशेजारी ठेवला.

"तुझी दोरी मी नवी वळून देईन," तो म्हणाला. "माझा बाण कुठे आहे?"

"ओढ्यात. दगडाखाली."

"भिजवलास? पिसं कामातून गेली असतील. असा बाण टाकतात का, पोरी?"

आणि तो खाली बसला, आणि बटाटे वाढून घेऊ लागला. शार्लीन रडत होती. डेल्बर्ट उठून मुद्दाम खूप मोठ्याने पाणी ओतू लागला. लोथारने समोरून कोबीचं भांडं बहिणीकडे सरकवलं. हर्थाने ते घेतलं. एवढंच. पण त्या दोघांनी एका भांड्याला एकदम हात लावलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

आम्ही जेवलो. मला वाटलं, सगळ्यात वाईट ते होऊन गेलं.

अक्रोडाचा केक संपला. हिल्मारने बशी पुसून घेतली, खुर्ची मागे सारली, दाराआडची पत्र्याची बादली उचलली, आणि पोत्यातून तिच्यात मका ओतला.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"पास्टरला मका टाकून येतो. सकाळपासून कोंडलाय बिचारा."

त्याचा चेहरा हलका होता. धुतल्यासारखा. शेगडीत दोन दोऱ्यांची राख होती, खुंट्यांवर दोन धनुष्यं सरळ, मोकळी लटकत होती, आणि तो त्यांच्यासमोरून टोपी घालून चालला होता.

शार्लीनच्या हातून चमचा पडला. हर्था अर्धी उठली, आणि तिला पुढे काय करायचं ते सुचेना. दोन वर्षं सगळं जिला सुचत आलं होतं, तिला सुचेना.

लोथार उठला. टेबलावरची घंटा त्याने घेतली. आतला लोलक बोटाने धरला, म्हणजे वाजू नये.

"पापा, तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला. "मी मागच्या दाराने बघून येतो. वाडग्यातून सुटलाय बहुतेक. टेकडीकडे गेला असेल."

"सुटला? मग बादली वाजवली की येईल. टिलीच्या बादलीला येतोच तो."

आम्ही खिडकीशी उभ्या राहिलो, हर्था, मी आणि शार्लीन. हिल्मार कुंपणापाशी गेला आणि बादलीवर तळवा मारू लागला. धप, धप. हाक मारू लागला. टेकडीवरून काही नाही. पुन्हा हाक. त्याने मानेवर हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं. तो आता घराकडे वळणार, आता त्याला सगळं पुन्हा आठवणार, असं वाटलं, तोच सीडरच्या झाडीतून, लांबून, घंटा वाजली.

थोडी थांबली. पुन्हा वाजली. चरत चरत चाललेलं जनावर वाजवतं तशी, कुठे घाई नाही अशी. लहानपणी लोथारला मेंढ्यांमागे पाठवायचे तेव्हा तो घरच्यांना फसवायला असाच घंटा वाजवत झाडीत लपायचा, आणि हिल्मार त्याच्या कानाखाली द्यायचा.

हिल्मार ऐकत उभा राहिला. मग त्याने मका कुंपणाच्या आत ओतला, बादली झटकली, आणि परत आला.

"आला नाही जवळ," दारात बूट आपटत तो म्हणाला. "आवाज दिला, पण पुढे येईना. आज घरात धनुष्यं निघालीत, त्याला बरोबर कळतं. जनावर माणूस ओळखून असतं."

"हो पापा," हर्था म्हणाली, आणि तिने त्याच्या अंगातून कोट काढून घेतला.

मागच्या दाराने लोथार आत आला. केसांत सीडरचा पाला, श्वास वर चढलेला. बापाने विचारलं, "दिसला?" तो म्हणाला, "दिसला. बरा आहे." उजवा हात त्याने पाठीमागे धरला होता, मूठ घट्ट, आणि संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत त्याने ती उघडली नाही.